चार बोटं खाली

४ जानेवारी

मामा,

वर्षभर पत्र नाही आणि आता एकदम काम घेऊन आली, असं म्हणशील. म्हण. खाली मान घालून ऐकून घेईन. पण आधी काम ऐक.

आई पडली. घाबरू नकोस, त्याला दीड महिना झाला. चौथ्या मजल्यावरच्या तिच्या घराच्या जिन्यात पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं. तुला कळवायचं नाही अशी तिने मला शपथच घातली होती, म्हणून गप्प बसले. आता ती एका शुश्रूषागृहात आहे, वॉकर धरून दहा पावलं चालते, आणि तिथल्या नर्सबाईंच्या गणवेशांची उसवलेली शिवण पलंगावर बसून घालून देते. म्हणजे तब्येत बरी आहे हे तू समजून घे.

चार मजले चढणं आता तिला शक्य नाही. माझी खोली तळमजल्यावर आहे. मी म्हटलं, माझ्याकडे चल. तर म्हणाली, "एका खोलीत दोन बायका आणि एक वॉकर? मी तुझ्याकडे अडगळ व्हायला येणार नाही." म्हाताऱ्या माणसांच्या एका संस्थेत तिने मला न विचारता नाव घातलंय. दहा मार्चपासून तिथे जागा आहे. मी रडले, भांडले, दोन दिवस बोलले नाही. शेवटी ती एका महिन्याला कबूल झाली. आठ फेब्रुवारीला येणार. "महिन्यात एकदा जरी वाटलं की मी तुझ्या वाटेत आहे, तर बॅग उचलीन आणि जाईन. तू अडवायचं नाहीस." तिचा शब्द कसा असतो ते तुला माझ्याहून जास्त माहीत.

तेव्हा मामा, तू आयुष्यभर गोदीत बोटींच्या केबिनी बांधल्यास. माझी खोली दहा फूट बाय अकरा फूट, छत नऊ फूट. एका भिंतीला ओटा, एका कोपऱ्यात बाथरूमचं दार, एक खिडकी. एक पलंग, एक कपाट, एक टेबल, आणि मधे मी, वाट काढत. घरमालकाची सक्त ताकीद आहे की भिंतीला एकही खिळा मारायचा नाही. दुकानात मी दिवसभर चष्म्याची भिंगं घासते, हात स्थिर आहे, पण करवत कधी धरलेली नाही. यात दोन माणसं बसतील का? खरं सांग.

तुझी
भिंगरी


११ जानेवारी

भिंगरे,

ताई पडली आणि मला दीड महिन्याने कळतंय. तुम्हा दोघींशी याबद्दल सवडीने भांडेन.

बसतील. दोन माणसं आरामात बसतील. शंका काढू नकोस.

मी सतरा वर्षांचा होतो तेव्हा गोदीतल्या मिस्त्रीने मला एका बोटीच्या पोटात नेलं, एक दार उघडलं आणि म्हणाला, "इथे चार जण राहणार." मला वाटलं, नवा पोरगा बघून चेष्टा करतोय. आत नुसता लोखंडाचा खोका होता. तीन आठवडे आम्ही तिथे काम केलं. माझं काम फळ्या धरायचं, मी काही विचारायचं नाही. शेवटच्या दिवशी मिस्त्रीने मला मधोमध उभं केलं आणि हात पसरायला सांगितले. चार पलंग होते, चार कपाटं होती, टेबल होतं, तोंड धुवायची जागा होती, आणि माझे हात कशालाच लागले नाहीत. भिंगरे, मी तिथेच खाली बसलो. त्या खोक्यात इतकी जागा आधीपासूनच होती, आम्ही फक्त ती शोधून काढली, असं काहीतरी वाटलं. अजून वाटतं.

आता कामाचं. तुझे दहा फूट, अकरा फूट परत घे. मला आकडे नकोत. भिंत वरून खालपर्यंत सरळ आहे का, ते आकडा सांगत नाही. एक लांब पट्टी घे आणि भिंतीला लाव. खिडकी सुरू होते तिथे खाच, संपते तिथे खाच. दार कुठवर उघडतं तिथे खाच. प्रत्येक भिंतीची पट्टी वेगळी. त्या पट्ट्या मला पाठव, मी त्या माझ्या अंगणात मांडतो आणि तुझ्या खोलीत फिरून येतो.

आणि घरमालकाला माझा नमस्कार सांग. बोटीच्या पत्र्यालाही खिळा चालत नाही. आम्ही सगळं पाचरीवर उभं करायचो.

मामा


१७ जानेवारी

मामा,

अकरा फुटांची लाकडी पट्टी पोस्टाने कशी पाठवायची, याचा विचार तू केला नव्हतास ना? मी केला. पार्सलं बांधायची जाड प्लास्टिकची पट्टी असते, तिची गुंडाळी होते. सहा पट्ट्या केल्या, चार भिंतींच्या, एक जमिनीची कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, एक उंचीची. पोस्टातल्या बाईंनी विचारलं, "यात काय आहे?" मी म्हटलं, "माझी खोली." त्यांनी ती वजनकाट्यावर ठेवली, माझ्याकडे एकदा बघितलं, आणि शिक्का मारला.

मामा, मी या खोलीत चार वर्षं राहतेय. खिडकीची भिंत खालच्या बाजूला दोन बोटं बाहेर गेलेली आहे हे मला परवा कळलं. ओट्याशेजारी एक कोनाडा आहे, माझ्या खांद्याइतका रुंद, आणि त्यात मी चार वर्षं झाडू ठेवतेय. दाराच्या वर छतापर्यंत जी जागा आहे तिच्याकडे मी मान वर करून कधी पाहिलंच नव्हतं. दिवसभर लोकांना नीट दिसावं म्हणून भिंगं घासणारी मी! खाचा करता करता मला हसू यायला लागलं आणि मग जरा भीतीच वाटली, की आणखी काय काय बघायचं राहिलं असेल.

आई परवा पंधरा पावलं चालली. बॅग भरायला घेतलीय, पण त्यातली अर्धी बॅग ती "परत जायच्या वेळेचं" म्हणून वेगळी ठेवतेय.

भिंगरी


२४ जानेवारी

भिंगरे,

तुझी खोली आली. अंगणात मांडली. शेजारचे आजोबा विचारत होते, काय चाललंय, मी म्हटलं, भाचीकडे आलोय.

आता नीट वाच.

चार खांब. लाकडाच्या वखारीतून सरळ रेषेचे बघून घे, गाठी नकोत. छताच्या उंचीपेक्षा दोन बोटं आखूड काप. खाली रबराचा तुकडा, वर रबराचा तुकडा, आणि वरच्या फटीत दोन पाचरी, समोरासमोरून. लाकडी मोगरीने एकदा इकडून, एकदा तिकडून हलकं ठोक. आवाज बदलेल. ठक-ठक असतं ते टण व्हायला लागेल. तिथे थांब. जोर करशील तर घरमालकाचं छत उचलशील.

प्रत्येक खांबाला तळापासून वरपर्यंत, दर दोन बोटांवर एक भोक. भोकात लाकडी खुंटी. खुंट्यांवर पलंगाची चौकट बसते, फळ्या बसतात, हाताने धरायचा दांडा बसतो. खिळा कुठेच नाही.

ताईचा पलंग भिंतीला. त्याच्याखाली चाकांचा बुटका पलंग, तो तुझा. दिवसा आत, झोपताना बाहेर. खिडकीखाली टेबल बिजागरीवर, खांबाच्या आडव्या फळीला लावलेलं, काम झालं की खाली लोंबेल. कपाट काढून टाक. त्याचं दारच एका माणसाची जागा खातं. कोनाड्यात तीन फळ्या, पुढे पडदा. दाराच्या वरच्या जागेत एक खोल फळी, तिथे वर्षातून दोनदा लागणाऱ्या वस्तू. जड सामान खाली, हलकं वर. प्रत्येक फळीच्या कडेला बोटभर उंच काठ लाव. बोट हलते म्हणून आम्ही लावायचो, ताईचा वॉकर आपटेल म्हणून तू लाव. आरसा खिडकीच्या समोर. आणि पलंगापासून बाथरूमपर्यंत वॉकर जाईल एवढी वाट मोकळी, तिच्या कडेने दांडा, तिच्यावर चप्पलसुद्धा नको. ती वाट हे खोलीतलं सर्वांत महत्त्वाचं सामान आहे असं समज.

सोबत एक काठी पाठवतोय, दोन तुकडे, नळीत घालून जोडायची. तिच्यावर पाच खाचा आहेत. गुडघा, कंबर, कोपर, खांदा, आणि हात वर केल्यावर बोटांची टोकं. ताईचं माप आहे. पलंग पहिल्या खाचेला, दांडा दुसऱ्या, टेबल आणि तिच्या हाताशी लागायच्या वस्तू तिसऱ्या. पाचव्या खाचेच्या वर तिचं काहीही ठेवायचं नाही.

हे माप माझ्याकडे कसं, ते विचारू नकोस. बरोबर आहे.

मामा


५ फेब्रुवारी

मामा,

काल झालं.

आधी तक्रार. चार खांबांना मिळून अडीचशेच्या वर भोकं! वखारीतला माणूस म्हणाला, "बाई, पलंगाला चार खुंट्या लागतात. बाकीची भोकं कशाला, बासरी करायचीय का?" मी म्हटलं, माझ्या मामाने सांगितलंय. त्याने हात जोडले आणि यंत्र सुरू केलं. पण कशाला रे एवढी?

आता बाकीचं. पहिला खांब उभा केला तेव्हा तो डुगडुगत होता. मी पाचर घातली आणि ठोकली. ठक. ठक. ठक. मला वाटलं, मामा म्हातारा झाला, आवाज कसला बदलतोय. आणि मग खरंच टण असा आवाज आला, मामा, लाकडातून नाही, खोलीतून आल्यासारखा. मी खांबाला हात लावला. तो हलेना. मी ढकललं. मी त्याला दोन्ही हातांनी लोंबकळले, पाय उचलून. शेजारच्या खोलीतली शिक्षिका दारात येऊन बघत होती, तिला वाटलं मला वेड लागलं. दोन लाकडाचे तुकडे, माझ्या अंगठ्याएवढे, आणि त्यांच्यावर मी अख्खी लटकलेली!

संध्याकाळपर्यंत सगळं बसवलं. काठी घेऊन, खाच न् खाच तुझ्या शब्दाबाहेर गेले नाही. मग मधोमध उभी राहिले आणि हात पसरले. तू सांगितलं नव्हतंस, पण मी करणार हे तुला माहीत होतं ना? हात कशालाच लागले नाहीत. मी पण खाली बसले. आरशात खिडकी दिसत होती आणि खिडकीतला उजेड आरशातून परत पलंगावर पडला होता. चार वर्षं मी त्या पलंगाच्या जागी अंधार बघत होते. मला रडू आलं, कशाचं ते सांगता येत नाही.

आईसाठी एक चांगली जाड गादी आणलीय. हाडाला मऊ लागावं म्हणून.

तीन दिवसांनी ती येणार. मामा, ती राहील ना?

भिंगरी


१० फेब्रुवारी

भिंगरे,

पत्र तीनदा वाचलं. पाचरीचा आवाज तुला ऐकू आला म्हणजे तू आमच्यातली झालीस.

भोकं एवढी कशाला, तर बोटीवर कोण राहायला येईल ते आधी माहीत नसतं म्हणून. कधी उंच माणूस येतो, कधी बुटका. सवय आहे, दुसरं काही नाही.

ताई आली का? बसली का पलंगावर? काय म्हणाली? सगळं लिही, बारीकसारीक. मला तिचं काय चाललंय ते दिसलं पाहिजे.

मामा


२० फेब्रुवारी

मामा,

लिहायला उशीर झाला, माफ कर. दुकानात गर्दी आहे आणि घरी इतकं छान चाललंय की बसून लिहायला वेळच काढला नाही.

आई दारात आली आणि तिथेच थांबली. नुसती बघत राहिली, छतापासून खालपर्यंत. मग म्हणाली, "हे सगळं धाकट्याने सांगितलं?" मी हो म्हटलं. तिने खांबावरून हात फिरवला, कापडाचा पोत बघतात तसा.

ती अगदी मजेत आहे. पलंगावर बसली की पाय हलवत असते, बाकावर बसलेल्या शाळकरी मुलीसारखी. बघून इतकं गोड वाटतं! मी संध्याकाळी दुकानातून येईपर्यंत ती तशीच पलंगावर बसून असते, माझी वाट बघत. मी आले की माझा हात धरून उतरते, मग आम्ही दोघी खोलीत चालतो. तिची कामाची पिशवी, चष्म्याची डबी, पाण्याची बाटली सगळं उशाशी एकत्र, किती टापटीप आहे ती. फळीवर काही मांडायला मी सांगितलं तर म्हणते, "असू दे, कशाला पसारा." दांड्याची तिला गरजच पडत नाही, वॉकर पुरतो. तरीपण तो चांगला दिसतो.

एकच गोष्ट. तिने बॅग अजून उघडलेली नाही. ती अर्धी, परत जायच्या वेळेची. काल मी विषय काढला तर म्हणाली, "महिना होऊ दे." दहा तारखेला त्या संस्थेचा माणूस फोन करणार आहे. खोली तिला आवडलीय, मला दिसतंय. मग का जायचं असेल? मी काही चुकतेय का?

भिंगरी


२५ फेब्रुवारी

भिंगरे,

हे पत्र ताईला वाचून दाखवू नकोस.

पाय हलतात, म्हणजे ते जमिनीला टेकत नाहीत. तू येईपर्यंत ती बसून राहते, कारण एकटीने उतरायची तिला भीती वाटते. उशाशी सगळं ठेवते, कारण फळीपर्यंत हात पोहोचत नाही. दांडा धरत नाही, कारण तो उंच आहे. सकाळी तू दुकानात जातेस तेव्हापासून संध्याकाळपर्यंत माझी बहीण एका उंच पलंगावर अडकून बसलेली असते आणि तुला वाईट वाटू नये म्हणून पाय हलवते. भिंगरे, तुझी यात चूक नाही. तू काठीप्रमाणे केलंस. काठी माझी.

गुडघा काही म्हातारपणी खाली येत नाही, पाठ येते. म्हणून पाय का टेकत नाहीत ते मला एक दिवसभर उमजेना. मग आठवलं.

मी गोदीत जायला निघालो त्या दिवशी ताईने मला एक सदरा शिवून दिला. शिवणारी बाई सगळ्या जगाचं माप घेते, तिचं माप कोणी घेत नाही, असं काहीतरी मी म्हणालो आणि तिला दाराच्या चौकटीला उभं केलं. ती हसत होती. मी चाकूने पाच खाचा केल्या एका काठीवर. ती तेव्हा नुकतीच कामावरून आली होती. शिवणाच्या कारखान्यातली फरशी थंड असायची, म्हणून सगळ्या बायकांच्या पायांत जाड तळाचे बूट असत. मी तिला बुटांसकट मोजलं. दोन बोटं. आणि दोन बोटं तुझ्या जाड गादीची, बोटीवर गादी पातळ असते. वरच्या खाचांचं म्हणशील तर दोन बोटं बुटांची आणि दोन तिच्या वयाची.

आता जे लिहितोय ते मी कोणाला सांगितलेलं नाही. गोदीत मोठी मापं साहेबांच्या नकाशावर असत. पण दांडा नक्की किती उंच, उशाशी फळी कुठे, अंधारात उठून हात पुढे केला तर दिव्याचं बटण कुठे लागावं, हे नकाशात नसे. ते सुतारावर सोडलेलं असे. मी ते सगळं ताईच्या काठीवर केलं. पहिल्या बोटीपासून शेवटच्या बोटीपर्यंत. मला दुसरं माणूस माहीतच नव्हतं. खलाशी बूट घालत, त्यामुळे कोणाला कधी अडचण झाली नाही. किती केबिनी, ते मी मोजलेलं नाही.

आणि नऊ वर्षांपूर्वी मी तुमच्याकडे आलो होतो तेव्हा ताईने फळीवरचा डबा काढायला हात वर केला आणि तो पोहोचला नाही. मी चटकन उठून काढून दिला. त्यानंतर मी आलो नाही. गुडघे दुखतात असं मी तुला लिहीत होतो. दुखतात, पण तेवढे नाही. मला ती काठीएवढीच राहायला हवी होती, म्हणून मी बघायला आलो नाही, आणि न बघता तुला माप पाठवलं. तुला सांगत होतो, आकड्यांवर विसंबू नकोस, भिंतीकडे बघ. मी स्वतः काय केलं बघ.

भोकांचं मी तुला सवय म्हणालो. ती सवयच आज उपयोगी पडेल. सगळ्या खुंट्या काढ आणि दोन भोकं खाली घाल. चार बोटं. खिळे असते तर सगळं मोडावं लागलं असतं. तुझ्या खालच्या पलंगाला अडेल, तर तुझी गादी पातळ कर. एका दुपारचं काम आहे. महिना संपायच्या आत कर.

मामा


४ मार्च

मामा,

पत्र ओट्यावर राहिलं आणि आईने वाचलं. मुद्दाम नाही ठेवलं रे. पण वाचलं ते बरं झालं.

मी दुकानातून आले तेव्हा ती पलंगावर बसली होती, पत्र मांडीवर. मला म्हणाली, "वॉकर दे, आणि मोगरी काढ." मी विचारलं, "आई, तू का नाही सांगितलंस?" तर म्हणाली, "एवढ्या हौसेने केलेली खोली. मी म्हटलं, खोलीचं चुकत नसेल, माझंच चुकत असेल. मीच आता कुठल्या मापात बसत नाही." मामा, हे तिच्या मनात तीन आठवडे होतं आणि मी तुला लिहीत होते, मजेत आहे म्हणून.

तिला मी खुर्चीत बसवलं. तिने खुंट्या मांडीवर धरल्या, एक एक माझ्या हातात देत होती, सुई-दोरा देतात तशी. शेजारची शिक्षिका आली, तिने चौकटीचं दुसरं टोक धरलं. पलंग, दांडा, टेबल, फळ्या, उशाचा दिवा, सगळं दोन भोकं खाली. माझी गादी काढून मी सतरंजी दुमडून घातली, उत्तम झोप लागते.

झालं तेव्हा मी मागे सरकले. मामा, खोली दिसायला होती तशीच. कोणी नवा माणूस आला असता तर त्याला काहीही कळलं नसतं. आई वॉकर धरून पलंगाशी गेली आणि बसली. तिची दोन्ही पावलं जमिनीवर टेकली, टाचांसकट. तिने खाली बघितलं. मग हात न बघता बाजूला नेला आणि तिथे दांडा होता. दुसरा हात वर नेला, तिथे फळीचा काठ होता. ती उठली. मी धावले तर म्हणाली, "थांब." एकटी उठली, दांडा धरून त्या मोकळ्या वाटेने बाथरूमच्या दारापर्यंत गेली आणि परत आली. वॉकर पलंगाशीच राहिला होता. शिक्षिका आणि मी भिंतीला टेकून बघत होतो, दोघींच्याही डोळ्यांत पाणी. एवढ्याशा खोलीत एक माणूस चाललं, आणि मला वाटलं मी काहीतरी फार मोठं बघितलं.

तिला तुला स्वतः लिहायचंय. सोबत जोडतेय.

भिंगरी


५ मार्च

धाकट्या,

मला वाचून दाखवू नको म्हणून लिहिलेलं पत्र मी वाचलं. पोरीला रागावू नकोस. तुझं अक्षर मी शिकवलेलं आहे, ते लांबून ओळखू येतं.

बुटांचं खरं आहे. काळे होते, उजव्याचा तळ सुटायला आलेला. त्या दिवशी ते काढायचंही त्राण नव्हतं आणि तू म्हणालास, हलू नकोस. पन्नास वर्षं झाली, तू अजून मला हलू दिलं नाहीस. कापड अंगाला सैल झालं की आत घ्यावं लागतं, त्यात लाज कसली? मी ते लोकांना रोज सांगत आले आणि स्वतःच्या बाबतीत तोंड मिटून बसले, तेव्हा तुला एकट्याला बोलत नाही.

पण त्या केबिनींचं वाचलं आणि मला रात्रीचं जेवण गेलं नाही. धाकट्या, मी हे गाव कधी सोडलं नाही. समुद्र मी पाहिलेला नाही. आणि तू सांगतोस की कुठल्या कुठल्या पाण्यावर, वादळात, अनोळखी माणसं अंधारात हात पुढे करत होती आणि त्यांना धरायला जे मिळत होतं ते माझ्या कमरेच्या उंचीचं होतं. त्यांना पडू दिलं नाही ना त्याने? मला हे खरंच वाटत नाही. मी आज दिवसभर त्या दांड्याला हात लावून बघतेय. माझ्यासारख्या बाईचं इतकं काही जगात असेल असं मला कोणी आधी का सांगितलं नाही?

त्या संस्थेला मी काल फोन करायला लावला. जागा दुसऱ्या कोणाला द्या म्हणून सांगितलं. बॅग उघडली. आत सगळं घडी मोडलेलं होतं, इस्त्री करतेय. टेबल कोपराला बरोबर लागतं.

आता तुझं. तू आलास की झोपायचं कुठे, ते मी आणि भिंगरीने बघून ठेवलंय. टेबल खाली सोडलं की खिडकीखाली एका माणसाची लांबी निघते. तुझी लांबी किती हे मात्र मला ठाऊक नाही. मला आठवतो तो सतरा वर्षांचा, दारात डोकं आपटणारा. ते माप मी धरणार नाही. नवं पाठव. आणि बूट काढून मोज.

ताई


११ मार्च

ताई,

माप पाठवत नाही. पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी पोहोचतो, दाराच्या चौकटीला उभा राहीन, खाच तूच कर. जुनी काठी काढून ठेव, तिची मागची बाजू कोरी आहे.

आधीच सांगतो, म्हणजे दार उघडल्यावर दचकणार नाहीस. मीही बराच खाली आलोय.

धाकटा